परक्या आकाशात शिकणारे वैमानिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर मी दर दुसऱ्या गुरुवारी विमानांविषयी बोलतो. व्याख्यान म्हणावं असं काही नसतं. चहा असतो, थंडीत गजक असते आणि गप्पा असतात. युक्रेनचे वैमानिक एफ-१६ हे अमेरिकन लढाऊ विमान शिकायला युरोप-अमेरिकेत गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात. दर वेळी तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवलं.

तुम्ही स्वतः वैमानिक होता का?

नाही. हा प्रश्न पहिला येतो, म्हणून उत्तरही पहिलं. मी हवाई दलात कंट्रोल टॉवरमध्ये होतो, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. विमान मी फक्त ऐकलं आणि खालून पाहिलं. पण वैमानिक कुठे अडखळतो हे टॉवरमध्ये बसलेल्याला लवकर कळतं, कारण हात अडखळायच्या आधी त्याचा आवाज अडखळतो.

स्वतःच्या देशात युद्ध पेटलेलं असताना वैमानिक बाहेर का पाठवतात? तिथेच नाही का शिकवता येत?

शिकाऊ माणूस हवेत म्हणजे अगदी सोपं सावज. तो सरळ उडतो, हळू उडतो, मागे बघत नाही. त्याची धावपट्टी शत्रूला माहीत असते, आणि शाळा एका जागी असल्यामुळे तिच्यावर बॉम्ब टाकणंही सोपं. शिवाय शिकवायला मोकळं आकाश लागतं, स्वच्छ हवा लागते आणि पेट्रोल लागतं. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनकडे यातलं एकही नीट नव्हतं. हिवाळ्यात ढग खाली आलेले, वर जर्मन विमानांची धास्ती, आणि जी धावपट्टी होती ती लढणाऱ्यांना हवी होती.

म्हणून १७ डिसेंबर १९३९ रोजी कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात करार झाला आणि शाळा कॅनडात उघडल्या. युद्ध संपेपर्यंत त्या योजनेतून १,३१,५५३ हवाई कर्मचारी बाहेर पडले. त्यातले ४९,८०८ वैमानिक, बाकीचे नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारे, रेडिओवाले, तोफा चालवणारे. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियातही (आजचा झिंबाब्वे) शाळा होत्या. नॉर्वे जर्मनांनी घेतल्यावर तिथल्या लोकांनी टोरांटोत तळ ठोकला आणि त्या जागेचं नावच 'लिटल नॉर्वे' पडलं. डच लोकांनी तर इंडोनेशिया हातातून गेल्यावर आपली अख्खी लष्करी उड्डाणशाळा अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन गावी हलवली. घर गेलं तरी शाळा वाचवली.

ज्याला आधीच विमान उडवता येतं, त्याला नवीन काय शिकवायचं?

आमच्या कट्ट्यावर यावर सगळ्यात जास्त वाद होतो. लोकांना वाटतं की मुरलेला वैमानिक लवकर शिकतो. डोक्याने शिकतो, हे खरं. हातांना मात्र वेळ लागतो, कारण हात काही विसरत नाहीत.

१९४० साली पोलंडचे वैमानिक इंग्लंडमध्ये पोहोचले, तेव्हाचं उदाहरण घ्या. ही माणसं शिकाऊ नव्हती. पोलंडमध्ये लढली होती, काही जण फ्रान्समध्येही लढली होती. पण त्यांच्या विमानांत जोर वाढवायला थ्रॉटल मागे ओढायचा, ब्रिटिश विमानांत पुढे ढकलायचा. शांत बसून विचारलंत तर कोणीही बरोबर सांगेल. पण धावपट्टी समोर येत असताना विमान खाली बसू लागलं, की हात जुन्या दिशेने जाणार. म्हणजे जोर हवा असताना माणूस जोर काढून घेणार. वर त्यांच्या जुन्या लढाऊ विमानांची चाकं कायम बाहेरच असायची, आणि ब्रिटिशांच्या हरिकेन विमानाची आत-बाहेर करावी लागायची. उतरताना चाकं बाहेर काढायची हे ज्याच्या अंगवळणीच नाही, तो ती विसरणार आणि विमान पोटावर घासत जाणार. वेग ताशी किलोमीटरऐवजी मैलांत, उंची मीटरऐवजी फुटांत. डोक्यात सतत गुणाकार चालू.

युक्रेनच्या वैमानिकांचं दुखणं याच जातीचं, फक्त यंत्र नवीन. त्यांच्या जुन्या, रशियन बनावटीच्या मिग-२९ मध्ये चाकांचा ब्रेक विमान वळवायच्या दांड्यावरच्या कळीने लावतात, एफ-१६ मध्ये पायांनी. मिगचा दांडा दोन पायांच्या मध्ये असतो आणि चांगला हलतो. एफ-१६चा उजव्या हाताशी बाजूला असतो आणि जेमतेम हलतो. तो हाताचा दाब ओळखतो. आणि एक गोष्ट खरोखर घाबरवणारी आहे. पाश्चात्त्य विमानांत कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या यंत्रात क्षितिज कलतं आणि विमानाची खूण स्थिर राहते. रशियन पद्धतीच्या यंत्रात विमानाची खूण कलते, क्षितिज आडवंच राहतं. दिवसा ठीक आहे, बाहेर बघून कळतं. रात्री ढगात शिरलात, घाबरलात आणि जुन्या सवयीने यंत्र वाचलंत, तर विमान सरळ करायला जाल आणि आणखी कलवून बसाल.

आमच्या हवाई दलाला हे काही नवीन नाही म्हणा. मिग-२१ मध्ये किलोमीटर-मीटर आणि मिराजमध्ये नॉट-फूट, दोन्ही आपल्याकडेच होतं. पण आपल्याकडे बदल करायला शांततेचा निवांत वेळ मिळाला. युद्धातल्या माणसाला तो मिळत नाही.

भाषेचं काय करतात?

भाषा सगळ्यात आधी. युक्रेनचे जे वैमानिक अमेरिकेत गेले, त्यांना आधी टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओजवळच्या लॅकलंड तळावर इंग्रजी शिकवलं, मग अॅरिझोनात टुसॉनला विमानाजवळ नेलं. इथे पुस्तकी इंग्रजीचा काही उपयोग नसतो. आरटीवर, म्हणजे रेडिओवर, खरखरीतून आलेलं अर्धं वाक्य ऐकून लगेच वागता यायला हवं.

पोलंडच्या लोकांसाठी ब्रिटिशांनी जी युक्ती काढली ती मला फार आवडते. लंडनजवळ एका मैदानावर मोठ्या तीनचाकी सायकली आणल्या. त्यांवर रेडिओ आणि होकायंत्र लावलं. हेडफोन लावून पायडल मारायचं, कानात हुकूम येणार, अमुक अंशावर वळा, वेग इतका ठेवा, शत्रू डावीकडे. शत्रू म्हणजे दुसरी तीनचाकी. डोळ्यांसमोर आणा : वॉर्सावर जर्मन विमानांशी झुंजलेला पंचविशी-तिशीचा मिशाळ गडी गुडघे फाकवून सायकल हाकतोय आणि कोपऱ्यातून कोणीतरी त्याला 'व्हेक्टर' म्हणजे कुठल्या दिशेने जायचं ते शिकवतंय. ते चिडले होते, आणि का चिडू नयेत? पण चुकलं तर फक्त सायकल आपटते, हरिकेन वाचतं.

शिकवणाऱ्यालाही भाषा शिकावी लागते. ३०३ क्रमांकाच्या पोलिश स्क्वाड्रनमध्ये जॉन केंट नावाचा कॅनडाचा अधिकारी होता. त्याने पोलिश शब्द आपल्याला कळतील अशा उच्चारांत थेट पॅंटच्या पायावर लिहून ठेवले होते. उडताना खाली पाहिलं की शब्द हजर. मुलांनी त्याचं 'केंटोव्स्की' करून टाकलं.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की एका तळावर मित्रदेशाचा एक प्रशिक्षणार्थी अगदी स्वच्छ इंग्रजी बोलायचा. एकदा उतरताना त्याचं काहीतरी बिनसलं आणि तो एकदम आपल्या भाषेत आकडे बोलू लागला. टॉवरमध्ये आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. ड्यूटीवरच्या साहेबांनी आवाज न चढवता त्याला त्याच्या नावाने हाक मारली, कॉलसाइनने, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या नावाने नाही. तो थांबला, आणि पुढचा आकडा इंग्रजीत आला.

किती दिवसांत तयार होतात?

अमेरिकेत नव्या वैमानिकाला एफ-१६ शिकायला साधारण आठ महिने लागतात, मुरलेल्याला पाचेक. युक्रेनसाठी अकरा देशांनी जुलै २०२३ मध्ये एकत्र येऊन शिकवायचं ठरवलं. पुढाकार डेन्मार्क आणि नेदरलंड्स यांचा. रोमानियात फेतेश्ती इथे केंद्र उघडलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती विमानं युक्रेनच्या आकाशात दिसली. म्हणजे वर्षभर. त्याच महिन्यात एक एफ-१६ आणि तिचा वैमानिक गेलाही.

उलट ३०३ स्क्वाड्रन २ ऑगस्ट १९४० ला उभं राहिलं आणि ३१ ऑगस्टला लढाईसाठी मंजूर झालं. महिनासुद्धा नाही. त्यातही गंमत अशी की ३० तारखेला ते सरावासाठी वर गेले होते. लुडविक पाश्केविच नावाच्या वैमानिकाला जर्मन विमानं दिसली. त्याने सराव सोडून दिला, एक पाडलं आणि परत आला. आधी बोलणी खाल्ली, मग कौतुक झालं, आणि दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रनला परवानगी मिळाली. ब्रिटनच्या त्या लढाईत या एका स्क्वाड्रनने १२६ विमानं पाडल्याचा दावा केला. पाश्केविच मात्र २७ सप्टेंबरला मारला गेला.

या गोष्टीवरून 'मग वर्षभर कशाला शिकवत बसता' असं कट्ट्यावर एक काका हटकून म्हणतात. काका, हरिकेनमध्ये रडार नव्हतं, क्षेपणास्त्रं नव्हती आणि कळांनी भरलेला दांडाही नव्हता.

शिकवणारा देश मग युद्धात उतरला असं होतं का?

नुसतं शिकवल्याने कोणी युद्धात उतरल्याचं सहसा मानत नाहीत, पण ओढाताण होते. १९४१ मध्ये अमेरिका तटस्थ होती. तरीही जूनपासून ब्रिटिश मुलं तिथे शिकायला जाऊ लागली. ती कॅनडातून, करड्या रंगाचे सूट घालून, साधी नागरिक म्हणून सरहद्द ओलांडायची. एकाच शिंप्याकडचे वाटावेत अशा सुटांतली, एकाच वयाची शेकडो मुलं. कोणाला कळलं नसेल म्हणता? डिसेंबरमध्ये पर्ल हार्बर झालं आणि गणवेश बाहेर आले.

सगळे पास होतात का?

छे. अमेरिकन लष्कराच्या आर्नल्ड योजनेत गेलेल्या ब्रिटिश मुलांपैकी दहातली चारहून जास्त गळाली. सगळी काही उडवण्यात कच्ची नव्हती. अमेरिकन लष्करी शाळेची शिस्त, ज्येष्ठांनी कनिष्ठांना छळायची तिथली रीत, आणि ठरलेल्या तासांत जमलं नाही की बाहेर. गळालेल्यांतले काही जण कॅनडात परत शिकून पुढे गेले, बरेच नॅव्हिगेटर झाले. ज्याची सून नवीन घरात पहिल्या महिन्यात 'नापास' ठरली आहे, त्याला हे जास्त समजावून सांगायला नको.

भारतीय वैमानिक असे युद्धकाळात बाहेर शिकले का?

शिकले. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झालं, आणि त्याचे पहिले वैमानिक ब्रिटनमध्ये क्रॅनवेलला शिकलेले होते, पण तो काळ शांततेचा. युद्धात, १९४० साली, भारतातून २४ वैमानिक इंग्लंडला गेले. नागरी परवाना सगळ्यांकडे आधीपासून होता. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी पगडी घालूनच लढाऊ विमान उडवायचे. हेडफोन पगडीवरून बसतील अशी सोय करून घेतली होती, आणि एक जादा पगडी कॉकपिटमध्ये असायची. इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंडला त्यांचा पुतळा आहे.

१९६२ च्या हिवाळ्यात, चीनचं युद्ध झालं त्याच सुमारास, दिलबागसिंग यांच्या नेतृत्वाखाली आपले वैमानिक सोव्हिएत कझाकस्तानात लुगोवाया इथे मिग-२१ शिकायला गेले. दिलबागसिंग पुढे हवाई दलप्रमुख झाले.

आणि आपण कोणाला शिकवलं?

हे फारसं कोणाला माहीत नसतं. दुसऱ्या महायुद्धात, फाळणीच्या आधी, चिनी हवाई दलाचे शिकाऊ वैमानिक लाहोरच्या वॉल्टन विमानतळावर शिकत होते. कराचीजवळ मालीरला अमेरिकन आणि चिनी वैमानिकांची मिश्र तुकडी १९४३ मध्ये तयार झाली आणि तिथून चीनच्या आघाडीवर गेली. चीनचा आपला किनारा जपानने दाबलेला, म्हणून सिंधच्या वाळवंटात शिक्षण.

पण माझ्या मनातलं उदाहरण १९७१ चं. पाकिस्तानी हवाई दलातून निसटून आलेले बंगाली वैमानिक आणि त्यांच्यासोबत प्रवासी विमानं उडवणारे नागरी वैमानिक भारतात जमले होते. २८ सप्टेंबर १९७१ ला नागालँडमध्ये दिमापूरला त्यांची तुकडी उभी राहिली. त्यांच्याकडे होतं काय? एक डाकोटा, एक ऑटर आणि एक अल्युएट हेलिकॉप्टर. तीन यंत्रं, तिन्ही लढाईसाठी न बनलेली. ऑटर हे छोटं मालवाहू विमान, त्याच्या पंखांखाली रॉकेटं बसवली. हेलिकॉप्टरलाही रॉकेटं आणि मशिनगन लावली. जोरहाटचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग हे सगळं बघत होते. तुकडीचं नाव 'किलो फ्लाइट', बंगाली वैमानिकांतले ज्येष्ठ अधिकारी ए. के. खोंदकर यांच्या आडनावातल्या 'के' वरून; रेडिओवर 'के' ला 'किलो' म्हणतात.

दिवसा ही यंत्रं टिकली नसती, म्हणून शिक्षण सगळं रात्रीच्या कमी उंचीवरच्या उड्डाणाचं. बाजूला डोंगर आणि जंगल. जो माणूस कालपर्यंत प्रवाशांना धक्का लागू नये म्हणून अलगद वळायचा, त्याला आता अंधारात झाडांच्या शेंड्यांलगत जाऊन रॉकेट सोडायचं होतं. इथेही तेच : नवीन शिकण्यापेक्षा जुनं सोडणं जड. ३ डिसेंबरच्या रात्री हेलिकॉप्टरने नारायणगंजजवळ गोदनाइलचा तेलसाठा पेटवला आणि ऑटरने चितगावचा. नकाशा त्यांना फारसा लागला नसणार. त्यांच्याच गावांवरून ते चालले होते.

ग्वाल्हेरचा याच्याशी काय संबंध?

थेट युद्धकाळाचा नाही. मिराज घ्यायचं ठरल्यावर आपले वैमानिक फ्रान्समध्ये मोंत-द-मार्सांला जाऊन शिकले, आणि १९८५ च्या जूनमध्ये पहिली विमानं इथल्या महाराजपुरा तळावर आली. हवाई लढाईचे डावपेच शिकवणारी 'टॅकडी' ही संस्थाही २००० पासून इथेच आहे. मुरारला राहणाऱ्यांना तिचं वेळापत्रक खिडकीच्या काचांवरून कळतं. नाही, तळ आतून बघता येत नाही. नाही, माझ्या ओळखीनेही नाही.

वैमानिक शिकला की काम झालं?

मला हे विचारणारा माणूस आवडतो. एका लढाऊ विमानामागे जमिनीवर डझनावारी माणसं असतात, आणि त्यांनाही सगळं नव्याने शिकावं लागतं. नट-बोल्टचं माप बदलतं, पुस्तिकेची भाषा बदलते, शस्त्र लावायची पद्धत बदलते.

साधी धावपट्टी घ्या. मिग-२९ जमिनीवर असताना त्याच्या इंजिनांची मुख्य तोंडं झाकली जातात आणि हवा वरच्या फटींतून आत जाते, म्हणून खडबडीत पट्टीवरही ते चालतं. एफ-१६चं तोंड खाली, जमिनीजवळ, हनुवटीसारखं. पट्टीवर खडा असला तर सरळ आत. आम्ही पहाटे ओळीने रनवेवर चालत जायचो, खांद्याला खांदा लावून, नजर खाली. खडा, तारेचा तुकडा, स्क्रू, कधी पक्ष्याचं पीस, दिसेल ते उचलायचं आणि पिशवीत टाकायचं. डिसेंबरच्या ग्वाल्हेरी धुक्यात पुढचा माणूस दिसायचा नाही, पण खडा दिसायला हवा. एकदा माझ्या हाती बोटाच्या पेराएवढा वॉशर लागला. आमच्या फ्लाइट सार्जंटने तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, "किंमत सांगा." कोणी म्हणालं चार आणे. त्याने इंजिनाची किंमत सांगितली.

युक्रेनला वैमानिकांइतकीच झाडूवाल्यांची आणि फिटरांची गरज होती. बातम्यांत त्यांचा फोटो येत नाही.

चांगला वैमानिक लढाईतून काढून शिकवायला बसवणं परवडतं का?

न बसवणं परवडत नाही. शिक्षक म्हणजे बियाणं. दुष्काळात बियाणं दळून खाल्लं तर यंदा पोट भरतं, पुढच्या पेरणीला काही उरत नाही. जर्मनीने तेच केलं. १९४२ मध्ये देम्यान्स्कला आणि मग स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या फौजांना रसद पोहोचवायला त्यांनी शाळांमधली युंकर्स विमानं आणि त्यांचे शिक्षक उचलून नेले. त्यातले पुष्कळ परतले नाहीत. पुढे पेट्रोलही आटलं आणि कमी तास उडालेली मुलं लढाईत जाऊ लागली. अमेरिकेने उलट केलं, लढून आलेल्यांना घरी आणून वर्गात उभं केलं. मुलखावेगळी हुशारी नव्हती, हाताशी माणसं होती म्हणून जमलं.

शिकताना माणसं मरतात?

मरतात. टेक्सासमधल्या टेरेल गावी ब्रिटिशांसाठी चालवलेली उड्डाणशाळा होती. गावच्या दफनभूमीत वीस ब्रिटिश मुलांची थडगी आहेत. त्यांनी शत्रूचं एक विमानही पाहिलं नव्हतं.

माझ्या भाच्याला परदेशी हवाई दलात असं प्रशिक्षण मिळेल का?

नाही. हे एक सरकार दुसऱ्या सरकारशी ठरवतं. अर्ज भरून जायची सोय नाही. पैसे घेऊन नाव लावून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहाही पाजू नका. भाच्याला एनडीएची किंवा एएफकॅटची, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करू द्या. एनडीएत मित्रदेशांची मुलंही शिकतात, हवं तर तिथेच त्याला परदेशी मित्र मिळतील.

आणखी प्रश्न असतील तर?

गुरुवारी सहा वाजता या. बाड्यावरून चालत दहा मिनिटं. प्रश्न जरा मोठ्याने विचारा, टॉवरने माझा उजवा कान घेतला आहे. आणि मिराज डोक्यावरून जात असेल तर थांबा, ते गेल्यावर विचारा.